वहीतलं दुसरं अक्षर

माझी नोकरी तात्पुरती आहे, हे हेडमास्तर चौबळ मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवत. बावन्न साल होतं आणि माजिवड्याच्या मराठी शाळेत मी तिसरीला शिकवत होते. वडील गेल्यापासून आई आणि मी माझ्याच पगारावर होतो. मला कायम करायचं की नाही, ते दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. दिपोटी म्हणजे सरकारी तपासनीस. यायचे वर्षातून एकदा, पण त्यांच्या धाकात शाळा वर्षभर असायची.

शुद्धलेखनाचा गृहपाठ शाळेत एकच होता: दहा शब्द, प्रत्येक वीस वेळा. मुलं कशी लबाड! आधी एकाखाली एक वीस काने ओढायची, मग वीस वेलांट्या. पान भरायचं, डोक्यात काही शिरायचं नाही. मला त्याचा मनस्वी संताप यायचा. म्हणून दिवाळीनंतर मी वर्गाला सांगून टाकलं, शनिवारी मी दहा शब्द देईन, सोमवारी ते कसे आणायचे हे तुमचं तुम्ही ठरवा. वीस वेळा लिहायची हौस असेल तर लिहा. नाहीतर सगळे शब्द घालून गोष्ट रचा, नाहीतर चित्रं काढा आणि खाली शब्द घाला. आणि तेही नको असेल तर घरातल्या कुणाला तरी शिकवा आणि त्यांच्या हातून वहीत लिहून आणा.

हे शेवटचं कुणी घेईल असं मला वाटलं नव्हतं. क्लेमेंटिनाने घेतलं. ही कोलशेतहून चालत येणारी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी पोर. तिची आई बिट्रिस मिठागरावर कामाला जायची. दर सोमवारी क्लेमेंटिनाच्या वहीत त्या बाईचं अक्षर यायचं, वेडंवाकडं, पेन्सिल इतकी दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर उमटायचं. पहिल्या आठवड्यात तीन शब्द होते. नाताळ संपेपर्यंत दहाच्या दहा झाले. मी कुणाला सांगितलं नाही, पण मला त्या पानांचा फार अभिमान वाटायचा.

चौबळांना हे कळलं तेव्हा दिपोटी यायला चार दिवस उरले होते. त्यांनी मला वर्गाबाहेर बोलावलं.

"हे काय थेर चालवलेत, वैद्यबाई? गृहपाठ मुलं निवडणार? उद्या म्हणतील, पाढे नकोत! साहेबांना सगळ्या वह्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर तुमची नोकरी गेलीच म्हणून समजा."

एरवी माझी जीभ काही कमी नाही. पण त्या दिवशी मी शेपूट घातलं. आत जाऊन मुलांना म्हणाले, "ती वेगळी पानं काढून टाका. सगळे शब्द वीस-वीस वेळा लिहून आणा." मुलांनी टराटरा पानं फाडली.

दिपोटीसाहेब चौबळांसोबत माझ्या वर्गावर आले, खुर्चीत बसले आणि वह्या चाळू लागले. एका वहीपाशी त्यांचा हात थांबला.

"हे अक्षर कुणाचं?"

क्लेमेंटिना उभी राहिली. तिने पान फाडलंच नव्हतं.

"माजाच," ती म्हणाली.

साहेबांनी तिला फळ्यावर लिहायला लावलं. तिचं अक्षर गोल, देखणं. शेंबड्या पोरालाही फरक कळला असता.

"साहेबांशी खोटं बोलतेस?" चौबळांनी छडी उचलली. "हात पुढे कर!"

मी चार पावलांवर उभी होते. चौबळ तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. गप्प राहा, एवढंच त्या नजरेत होतं. आणि मी गप्प राहिले. छडी बसली. दुसऱ्यांदा छडी वर गेली तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"थांबा! ते तिच्या आईचं अक्षर आहे. तसा गृहपाठ मीच दिला होता."

"शाळा मुलांची आहे की आयांची?" एवढंच साहेब बोलले. मग त्यांनी शेरा लिहिला. शिक्षिका कायम करण्यास योग्य नाही.

शाळा सुटल्यावर मी क्लेमेंटिनाला थांबवून घेतलं. तळहात टम्म सुजला होता.

"पान फाडायला सांगितलं होतं ना गं?"

"आयनी लिवलेला कसा फाडू, बाई?"

"मग विचारल्यावर खरं का नाही सांगितलंस?"

"तुमची नोकरी जाईल असा हेडमास्तर बोललेले. मी दारातशी ऐकलेला."

तिने दप्तर डाव्या खांद्यावर घेतलं आणि जाता जाता वळली.

"बाई, आयला नका सांगू. तिच्या लिवन्यापायी मना मार बसला असा कललं, त ती परत पेन्सिल हातान धरनार नाय."

"मग हाताचं काय सांगशील?"

"बांधावर पडले म्हून सांगेन."

खोटं बोलू नये, असं मी बाई म्हणून तिला सांगायला हवं होतं. मी नुसती होकाराची मान हलवली.