ओटाकरवरचा आळ

बिघाड शोधण्याच्या अकराव्या दिवशी ब्लांकाने ताटातले क्नेडलिक, म्हणजे उकडलेले पिठाचे गोळे, अर्धे टाकून दिले, आणि अन्न टाकणारी ती बाई नव्हे. ब्रनोतल्या त्या ऑफिसात आता तिच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नव्हतं.

संगणकाच्या डिस्कवर वाचण्या-लिहिण्याच्या मागण्यांचं काम रांगेनं चालतं. डिस्कवर जवळजवळच्या जागांची कामं आधी उरकायची, पण लांबची एखादी मागणी अर्धा सेकंद ताटकळली की तिला पुढे घ्यायचं, हा नियम म्हाताऱ्या ओटाकरने लिहिलेला. इथे तर एक मागणी चाळीस-चाळीस सेकंद उपाशी बसायची. ब्लांकाने वैतागून हा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींना पत्र धाडलं होतं: नियमच कुचकामी आहे, काढून टाका. शुक्रवारी ओटाकरचं वीस वर्षांचं काम कायमचं बाहेर जाणार होतं. तिला हे काम शिकवलं होतं त्यानेच. पण नियम असूनही मागणी उपाशी का, हे कळेना आणि कळल्याशिवाय तिला चैन पडेना.

शेवटी तिने प्रत्येक मागणीचं वय पडद्यावर उमटवायला लावलं. चारशे ऐंशी मिलिसेकंद, चारशे नव्वद, आता पाचशेला अर्धा सेकंद भरणार, आणि एकदम शून्य.

"अरे, ही म्हातारी पुन्हा तान्ही कशी झाली?" ती ओरडली.

शेजारच्याच जागेसाठी नवी मागणी आली की दोघींची मोट बांधली जाई, आणि मोटेला वय मिळे नवीचं. नियम बिचारा करणार काय? जोडणीची ती ओळ कुणी लिहिली, ते तिने तावातावाने शोधलं. नाव निघालं तिचंच, चार वर्षांपूर्वीचं.

दुरुस्ती एका ओळीची: वय जुनीचं धरा. मागणी अर्ध्या सेकंदात सुटली. पण चूक मुळात कुणाच्या बदलाने घुसली, तेही दुरुस्तीखाली लिहायचा रिवाज आहे.

"गाळ की ते," शेजारचा दालिबोर म्हणाला. "कोण बघतंय?"

तिने ओटाकरला फोन लावला.

"काय गं, शुक्रवारी पुरायचंय ना मला? फुलं कुठली आणू, विचारतेस?"

"चूक माझी होती. जोडणीत."

"ठाऊक आहे. मंगळवारीच दिसली."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत मला कुचकामी ठरवल्यावर? म्हातारा कातडी वाचवतोय, असंच म्हणाली असतीस."

म्हणालीच असती. तिला स्वतःची भयंकर चीड आली. तिने चुकीपुढे स्वतःचं नाव लिहिलं, खाली नियम राहू द्या म्हणून ओटाकरची माफी मागितली आणि पहिलं पत्र ज्यांना गेलं होतं, त्या झाडून सगळ्यांना ती दुरुस्ती पाठवली.