बाळंतिणीच्या खोलीतलं मशीन

संत्र्याच्या बागेचे पैसे त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता आले, आणि सुभद्राबाईंनी ते चंपतरावांच्या हातात दिले नाहीत.

असं आधी कधी झालं नव्हतं. काटोलजवळची ती लहानशी बाग वडिलांनी सुभद्राबाईंच्या नावावर ठेवली होती. दरवर्षी बहार उतरला की व्यापारी पैसे आणून देई, आणि ते संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात पोचत. परत आलेले कोणी पाहिले नव्हते. अठ्ठ्याहत्तर साली मात्र बाईंनी ते कपाटात ठेवले, किल्ली कमरेला खोचली, आणि रात्रीची भाकरी वाढता वाढता सांगितलं, की मागच्या खोलीत एअर कंडिशनर बसवायचा.

चंपतराव हसले. बायको हसत नाही हे पाहून थांबले.

"काहून वं? कूलरनं काय घोडं मारलं?"

त्यांची एकुलती एक मुलगी शामला पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, ऐन वैशाखात. चंपतराव म्हणाले, वैशाखात काय बाया बाळंत होत नाहीत?

होतात, हे सुभद्राबाईंना कोणी सांगायला नको होतं. शामलाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, मे महिन्यात, रामदासपेठेतल्या याच घराच्या मागच्या खोलीत. खिडक्या गच्च बंद, फटींमध्ये चिंध्या कोंबलेल्या, दारावर गोधडी, आणि बाजेखाली सकाळ-संध्याकाळ पेटती शेगडी. बाहेर नागपूरचा उन्हाळा, ज्यात कावळे नळाखाली चोच उघडून बसतात. पोर आधी खूप रडलं. मग रडायचं थांबलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. बारसं व्हायच्या आतच ते गेलं. देवाची मर्जी, असं सगळे म्हणाले. सुभद्राबाई त्या खोलीत होत्या. त्यांना ते देवाचं काम वाटलं नव्हतं. पण तेव्हा वयही नव्हतं आणि नव्या सुनेनं बोलायची रीतही नव्हती.

आता वय होतं.

सदर बाजारातल्या एअर कंडिशनरच्या दुकानातला माणूस खोली पाहायला आला. मशीनची किंमत ऐकून चंपतरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्या पैशात प्रतापनगरकडे प्लॉट येत होता. पण किंमत ही नुसती सुरुवात होती. घरातली जुनी वायर मशीनला पुरणार नव्हती, मीटरपासून थेट खोलीपर्यंत वेगळी जाड वायर ओढावी लागणार होती. उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे मिणमिणतात, म्हणून स्टॅबिलायझर हवा. भिंत फोडून सागाची चौकट बसवायची, मशीन बाहेरच्या बाजूला थोडं कलतं ठेवायचं म्हणजे पाणी आत येणार नाही, वरून उन्हासाठी पत्रा. आणि हे सगळं करण्याआधी वीज ऑफिसातून लोड वाढवून आणायचा. प्रत्येक गोष्टीनंतर चंपतराव म्हणत, "झालं. आता सोड नाद." आणि प्रत्येक वेळी सुभद्राबाई त्या माणसाला म्हणत, "बरं, मंग पुढं?"

वीज ऑफिसात त्या स्वतः गेल्या. टेबलावरच्या साहेबांनी सभ्यपणे विचारलं, की घरात एवढा लोड कशाला, काही कारखाना काढता आहात का? बाई म्हणाल्या, बाळंतपण आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की कारण काहीही असो, मीटर यजमानांच्या नावावर आहे, सही त्यांची लागेल.

चंपतराव सही करीनात. पहिले काही दिवस त्यांना वेळ नव्हता, मग पेन सापडत नव्हतं. शेवटी ते सरळ म्हणाले, की गांधीबागेत मोठमोठे सेठ गादीवर पंख्याखाली बसतात, आणि मी घरात मशीन लावू? लोक हसून राहतील.

"नका लावू," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी शामलाले घेऊन महिनाभर दवाखान्यातच राहतो. तिथं खोली थंडी आहे. गांधीबागेतले लोक भेटाले आले, की सांगीन, चंपतरावायच्या घरात लेकीले जागा नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी सही झाली.

भिंत फुटत असताना चंपतरावांची थोरली बहीण जिजाबाई सावनेरहून आली. घरातलं प्रत्येक बाळंतपण तिच्या हाताखालून गेलं होतं, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं. तिनं अंगणात पिशवी ठेवली, भिंतीतल्या भगदाडातून पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं ते पाहिलं, आणि खाली बसली. बाळंतिणीच्या खोलीत वारा येऊ नये म्हणून आम्ही जन्मभर फटी बुजवल्या, आणि ही बाई भिंतच फोडून राहिली, असं ती भावाला म्हणाली. सुभद्राबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

मशीन बसलं त्याच सकाळी, माहेरी येऊन राहिलेल्या शामलाला कळा लागल्या आणि तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत मुलगी झाली, दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तेव्हा शेजारपाजारच्या बाया पाहायला जमल्या. कूलर सगळ्यांनाच माहीत होता. कूलरला हवा खेळती लागते, समोरची खिडकी उघडी नसली तर खोलीत नुसती चिकचिक होते, हे नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून शेजारच्या कुसुमताईंनी समोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, दार सताड उघडलं, आणि कोणीतरी जास्तीची म्हणून वाळ्याची ताटी भिजवून खिडकीत लावली. मशीन घरघरलं. बाया पुढ्यात उभ्या राहून थंडी येण्याची वाट पाहत राहिल्या. येईना. मशीनच्या तोंडाशी हात धरला तर गार लागे, दोन पावलं मागे सरकलं की तोच मे महिना. संध्याकाळपर्यंत खोलीत वाळ्याचा वास आणि ओल तेवढी झाली. दुकानातला माणूस भावाच्या लग्नाला परतवाड्याला गेलेला.

कुसुमताई म्हणाल्या, आमचा कूलर बरा बाप्पा. प्लॉटचा विचार चंपतरावांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. जिजाबाई मात्र खूश होती. तिनं परसातून शेगडी आणली आणि राख झाडून ठेवली.

सुभद्राबाईंनी मशीन बंद केलं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चालू दे, एवढंच म्हणाल्या. रात्र त्यांनी दवाखान्यात शामलाजवळ काढली. आपण सगळ्यांशी भांडून आणलेल्या मशीनखाली आपल्याच लेकीला शेगडीवर झोपवावं लागणार की काय, हा विचार त्यांना डोळा लागू देईना.

पुढच्या दुपारी रिक्षा दारात थांबली. शामला, तिच्या मांडीवर दुपट्यातली मुलगी, सुभद्राबाईंच्या हातात पाण्याची सुरई. रस्ता पांढरा पडला होता. मागच्या खोलीच्या दाराला जाडजूड गोधडी टांगलेली होती. सुरई खाली ठेवून बाई पुढे झाल्या. त्यांनी गोधडी बाजूला केली.

आत थंडी होती. साधी नाही, पौषातल्या पहाटेसारखी.

जिजाबाईनं सकाळी आपल्या रीतीनं खोली तयार केली होती. दोन्ही खिडक्या लावल्या, ताटी काढून फेकली, फटींमध्ये चिंध्या कोंबल्या, दाराला गोधडी बांधली. मशीनच्या बटनाला हात लावायची तिची हिंमत नव्हती, म्हणून ते तसंच चालत राहिलं. आणि आता ती बाजेच्या पायथ्याशी अंगभर लुगडं लपेटून बसली होती, दात वाजत होते, आणि रागानं मशीनकडे पाहत होती.

सुभद्राबाईंनी लावलेल्या खिडक्यांकडे आणि कोंबलेल्या चिंध्यांकडे पाहिलं. कालचं सगळं त्यांच्या लक्षात आलं. कूलरसारखं वागवलं, म्हणून ते कूलरहून वाईट वागलं होतं. ह्याला बंद खोली लागते. त्यांनी बटन फिरवून थंडी कमी केली, बाळाला झबलं-टोपडं घातलं होतं ते नीट केलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे पाळणा हवेच्या तोंडापासून दूर सरकवला, आणि शामलाला निजवलं. बाळ जांभई देऊन झोपलं.

तोवर जिजाबाई बाहेर जाऊन शेगडी फुलवून घेऊन आली. निखारे लाल झाले होते. दारात सुभद्राबाई उभ्या होत्या.

"सरक," जिजाबाई म्हणाली. "पोरगी गारठून मरंल. बाळंतिणीले शेक पायजे."

"खोली बंद पायजे, तुमचं बरोबर. वारा नको, बरोबर. शेगडी आत येणार नाही."

"मी इतकी बाळंतपणं केली, सुभद्रे. तू मले शिकवून राहिली?"

"माह्यं पहिलं तुमीच केलं होतं, बाई. ह्याच खोलीत. माह्यं लेकरू गारठून नाही मेलं."

अंगणात चंपतराव उभे होते. इतक्या वर्षांत त्या मुलाचं कोणी नाव काढलं नव्हतं, कारण नाव नव्हतंच. जिजाबाई शेगडीचे कान धरून तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावर झळ येत होती. ती भावाकडे पाहू लागली, की हा आता काही बोलेल. चंपतरावांनी मान खाली घातली.

सुभद्राबाईंनी फडक्यानं शेगडी तिच्या हातून काढून घेतली. नळाखाली नेऊन ठेवली आणि नळ सोडला. वाफ उठली, निखारे चरचरून काळे पडले. जिजाबाई म्हणाली, की असं असेल तर ती उद्या सावनेरला निघून जाईल.

"सकाळची गाडी हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "डबा करून देतो. नाहीतर राहा. तेल लावाले तुमच्यासारखा हात नाही कोनाचा. पन आत याल तर दार लावून घ्या."

आणि त्या आत गेल्या, गोधडी सारखी केली, आणि लेकीच्या बाजेशी पाय पसरून बसल्या. त्या खोलीत भर दुपारी इतक्या निवांत त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या. थोड्या वेळानं गोधडी हलली. जिजाबाई तेलाची वाटी घेऊन आत आली, कोणाशी न बोलता, आणि तिनं आपल्यामागे दार घट्ट लावलं.