पुढचे दोन, मागचे दोन

कुसुमलताची गाडी सासरहून परत आली ती ट्रकमागे दोरखंडाने बांधून. जळगावात त्या दिवशी बाजार होता आणि ट्रकवाल्याला मुद्दाम भर पेठेतून जायला सांगितलेलं होतं. लाल रंगाची, बिनटपाची, दोनच माणसांची ती विलायती एम.जी. तिच्या वडिलांनी, घेवरचंदजींनी, लग्नात जावयाला हौसेने दिली होती. तेव्हाही ती जुनीच होती, पण रस्त्याला लागली की लोक वळून बघत. आता वळून बघत होते ते हसण्यासाठी. तिचे मुंबईहून आणवलेले चारही भारी टायर तिच्या नवऱ्याने, सोहनलालने, काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी दोरे बाहेर आलेले, चिंध्या झालेले टायर चढवले होते. एक वाटेतच बसला होता. लोखंडी चाक दगडांवर खडखडत होतं आणि पोरं मागून शिट्ट्या मारत पळत होती.

कुसुमलता माडीच्या खिडकीतून ते बघत राहिली. रडली नाही. घेवरचंदजी मान खाली घालून आत निघून गेले.

समाजाच्या पंचांनी निवाडा दिला होता: लग्नात दिलेलं परत करा. सोहनलालने ते असं परत केलं.

तिला माहेरी धाडण्याचं कारणही ही गाडीच होती. धुळ्याला देवपुरात त्यांचं घर. लग्न नवं असताना सोहनलालनेच तिला मोकळ्या मैदानात गाडी शिकवली, मजा म्हणून. एकदा तो नरडाण्याला गेलेला असताना सासूच्या, सूरजबाईंच्या पोटात असं काही दुखू लागलं की त्या पांढऱ्याफटक पडल्या. कुसुमलताने त्यांना गाडीत घातलं, पांझरेच्या पुलावरून गर्दी कापत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पण दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी तरी हसत विचारलं, "शेठ, गाडी शिकायची तर तुमच्याकडे यायचं की शेठाणीकडे?" सोहनलाल तिथे हसला आणि घरी येऊन त्याने तिला मारलं. मग ते थांबलंच नाही. शेवटी 'बायको हाताबाहेर गेली' म्हणून त्याने तिची ट्रंक अंगणात काढून ठेवली. त्या वेळी सूरजबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. नवऱ्याच्या मारापेक्षा ते न पाहणं कुसुमलताच्या मनात जास्त खोल गेलं होतं.

धुळ्याची मोटारवाली मंडळी दर जानेवारीत लळिंगच्या घाटात शर्यत लावत. सकाळी रहदारी थांबवायची, एकेक गाडी पायथ्यापासून सोडायची आणि माथ्यावर घड्याळ लावून बघायचं. सोहनलाल मागच्या दोन्ही वर्षी पहिला आला होता. त्याच्या अँबेसेडरला त्याने जास्त वेगासाठी दोन कार्बोरेटर बसवून घेतले होते.

"मी शर्यतीत उतरणार," कुसुमलताने वडिलांना सांगितलं.

"सोडून दे, कुसुम."

"सोडलं असतं बाबूजी. त्यांनी गाडी पेठेतून ओढत आणवली नसती तर सोडलंही असतं."

घेवरचंदजींनी मग विरोध केला नाही. कदाचित त्यांनाही ती पेठ आठवत असावी.

नशिराबादच्या रस्त्याला लोटन मिस्त्रीचं गॅरेज होतं. लोटन मूळचा धुळ्याकडचा. त्याने इंजिन खोलून साफ केलं, ब्रेक नवे केले, रिम ठोकून सरळ केली आणि टायरांकडे बघून मान हलवली. "अक्का, इंजिन ठीक शे. पण बठ्ठा टायर कामातून गया."

गावातल्या टायरच्या दुकानदाराने नवेकोरे, जाड नक्षीचे टायर पुढ्यात मांडले. टॅक्सीवाले हेच नेतात, वर्षानुवर्षं झिजत नाहीत, असं सांगितलं. कुसुमलताने रबरात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. नख रुतेना.

"मला टिकणारे नकोत," ती म्हणाली, "रस्ता धरणारे हवेत."

तो हसला आणि जुन्या टायरांवर नवं रबर चढवलेले दाखवू लागला. लोटनने तिला बाहेरच ओढलं. वेगात ते तापले की वरची साल सोलून निघते, एवढं तोही जाणून होता.

शेवटी भुसावळला रेल्वेच्या वसाहतीत माग लागला. डिक्रूझ नावाचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर तरुणपणी मोटारी पळवत. त्यांच्या पडवीत चार विलायती टायर कापडात गुंडाळून टांगलेले होते. मऊ रबर, नख लावलं की खूण उमटे. पण त्यांतल्या दोहोंच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या रबराला, बारीक भेगा गेल्या होत्या, आणि वेगात कूस फाटली तर काय होईल हे सांगायला कुणी नको होतं. तिने चांगले दोनच घेतले. उरलेल्या दोन चाकांसाठी जळगावातल्या दुकानातून त्यातल्या त्यात बरे नवे आणले.

"स्टेरिंग पुढे शे," लोटन म्हणाला, "मग चांगला टायर पुढेच."

तिलाही ते पटलं. भल्या सकाळी वाघूर नदीच्या अलीकडच्या वळणावर तिने गाडी वेगात घातली. पुढची चाकं रस्त्याला चिकटून वळली, पण मागचा भाग वळायलाच तयार नव्हता. तो तसाच पुढे निघाला, गाडीने स्वतःभोवती गिरकी घेतली आणि कपाशीच्या शेतात उलट्या तोंडाने जाऊन थांबली. कुसुमलताच्या तोंडात माती होती. आपण घाबरलो आहोत हे तिला कळत होतं. त्याबरोबर हेही कळलं, की पुढची पकड माणसाला हिंमत देते आणि मागची जीव वाचवते.

"आते मागे टाकूत," लोटन धापा टाकत येऊन म्हणाला.

चांगले दोन मागे गेले. हवा थोडी कमी-जास्त करून पाहिली. मग त्याच वळणावर, त्याच वेगात, गाडी रुळावर असल्यासारखी गेली. कुसुमलता रोज जाई, रोज तेच वळण घेई आणि मनात लळिंग आणी.

शर्यतीच्या नियमांत बाईला मनाई नव्हती. तसं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा पायथ्याशी जमलेल्या गर्दीत कुजबुज झाली. सोहनलाल पांढरा स्वेटर घालून मित्रांत उभा होता. तो सावकाश तिच्याकडे आला.

"लाज विकून आलीस?"

ती वाकून मागच्या चाकाची हवा तपासत राहिली.

"ये, गंमत दाखवतो." त्याने आपल्या गाडीच्या पुढच्या चाकावर बुटाची ठोकर मारली. "तुझ्या बापाचेच टायर. चारांपैकी दोन उरले होते, आजच्यासाठी जपून ठेवले. ओळखलेस का?"

तिने पाहिलं. पुढे तेच दोन, मऊ, जवळजवळ नवे. मग तिची नजर मागे गेली. मागे टॅक्सीला घालतात तसले गोट्यासारखे टायर होते, नक्षी झिजून गुळगुळीत झालेली. तिच्या जिभेवर वाघूरकाठची माती आली. एक वाक्य पुरलं असतं. मित्र ऐकत होते, त्याला हसण्यावारी नेता आलं असतं, पण एखाद्या शहाण्याने तरी वाकून पाहिलं असतं.

"ओळखले," ती म्हणाली आणि आपल्या गाडीत जाऊन बसली.

तिची पाळी आधी होती. घाट चढताना तिला गर्दी दिसली नाही, फक्त रस्ता दिसत होता. मधल्या मोठ्या वळणावर मागची चाकं किंचित कुरकुरली आणि धरून राहिली. माथ्यावरच्या माणसाने घड्याळ पाहिलं, दुसऱ्याला दाखवलं, मग दोघांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या कमी वेळात तो घाट कुणीच चढलं नव्हतं.

ती गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिली. खालून अँबेसेडरचा आवाज निघाला. तिची वेळ खाली कळली असणार, कारण तो जीव तोडून चालवत होता. आवाज वर येत गेला, मोठ्या वळणाशी आला. कुसुमलताने कठडा घट्ट धरला. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तरी तिला वाटलं, आपण श्वास धरून वाट बघतो आहोत, आणि कशाची ते आपल्याला पक्कं माहीत आहे.

टायर किंचाळले. मग दगडावर लोखंड आदळलं. मग काही नाही.

जीप धावली. परत आलेल्या माणसाने सांगितलं, जिवंत आहेत, मांडीचं हाड मोडलंय, गाडी कठड्यावर गेली. कुसुमलताने मान हलवली. पहिल्या बक्षिसाची ढाल देताना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने दोन्ही हातांनी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. सोहनलालचा पाय वजन लावून टांगलेला होता. उशाशी सूरजबाई बसल्या होत्या. या वेळी त्यांनी वर पाहिलं.

"बस, बाई," त्या हळूच म्हणाल्या.

कुसुमलता बसली नाही. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून नवऱ्याशी बोलली, सावकाश, त्याला प्रत्येक शब्द कळावा म्हणून.

"पुढे मऊ टायर, मागे गुळगुळीत. मोठ्या वळणावर मागचा भाग सुटणार होता. काल तुम्ही दाखवलेत तेव्हाच मला समजलं होतं."

त्याला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही दाखवायला नेलं होतं. विचारायला नाही."

"मेलो असतो मी."

"हो," ती म्हणाली. "तेही माहीत होतं."

सूरजबाईंनी पदर तोंडाला लावला. सोहनलाल काही तरी बोलू पाहत होता, पण त्याला शब्द सापडत नव्हता. आणि कुसुमलताला हेच हवं होतं, त्याचं असं गप्प होणं, आईसमोर. ती ते पोटभर बघून बाहेर पडली.

सोहनलाल पुढे जन्मभर लंगडत चालला आणि त्याने पुन्हा गाडीला हात लावला नाही. धुळ्यात लोक कधी अपघाताला दोष देत, कधी नशिबाला. खरं काय ते त्या खोलीतल्या तिघांनाच ठाऊक होतं आणि तिघांपैकी कुणी बोललं नाही.

परतीच्या वाटेवर पारोळं मागे पडलं तेव्हा कुसुमलता रडू येण्याची वाट बघत होती. आपल्याला पश्चात्ताप व्हायला हवा, असं तिला वाटत होतं. तो आला नाही. भूक मात्र सडकून लागली. एरंडोलला तिने रस्त्याकडेला गाडी लावली आणि हॉटेलातल्या बाकड्यावर बसून गरम कचोऱ्या मागवल्या. सगळं हॉटेल तिच्याकडे बघत होतं. ती खाली मान घालून, हात तेलकट करून, शेवटच्या कचोरीपर्यंत खात राहिली.