मोठ्या आवाजाचा हॉर्न

सुट्टी लागली की शाळेतल्या बाई मोटरसायकल काढून एकट्याच लांबच्या प्रवासाला निघत. या खेपेला त्यांनी मोठ्या आवाजाचा हॉर्न विकत आणला होता.

"ट्रकवाले ढुंकूनही बघत नाहीत हो, उस्ताद," त्या म्हणाल्या. "आणि इंजिनाला जरा कान लावा. उद्या घाट चढायचाय."

कान लावण्यात उस्तादांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतलं दुखणं बिनचूक सांगायचं, यावर तीस वर्षं गॅरेज चाललं होतं.

त्यांनी जुना हॉर्न काढला, नव्याला रिले जोडून थेट बॅटरीवरून वायर आणली आणि बटण दाबलं. आवाज अगदीच मिळमिळीत. अर्थिंग घासलं, फ्यूज बदलला, तरी तेच रडगाणं. "तुम्हाला फसवलंय बाई, परत करा हा," म्हणत त्यांनी वैतागून बटण दाबूनच धरलं.

मागच्या खोलीतून बायको धावत आली. "अहो, सोडा ते! कानठळ्या बसल्या!"

बाई दोन्ही कान झाकून भिंतीला टेकल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या गॅरेजचा मालकही काम टाकून बघत होता.

उस्तादांनी बटण सोडलं.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी इंजिन सुरू केलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला. इंजिन कसं लोण्यासारखं चालत होतं. गेलं वर्षभर हाताखालून गेलेलं प्रत्येक इंजिन असंच लोण्यासारखं चालत होतं, आणि हा गृहस्थ आपल्या हाताला यश आलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेत होता!

"काय म्हणतंय?" बाईंनी जवळ येऊन विचारलं.

'ठीक आहे' म्हटलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. नाव शाबूत राहिलं असतं. घाटात गाडी बंद पडली असती तर ती बाईंची.

उस्तादांनी इंजिन बंद केलं. "मला ऐकू येत नाही, बाई," ते म्हणाले. स्वतःची लाज वाटून त्यांचे डोळे भरून आले. बायको काही बोलायच्या आत ते रस्ता ओलांडून गेले. पलीकडच्या त्या मालकाशी त्यांनी दहा वर्षं बोलणं टाकलं होतं.

"एक इंजिन ऐकून दे बाबा," ते त्याला म्हणाले. "आणि काय असेल ते मला मोठ्याने सांग."