दहा फूट

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. परंड्याला आमच्या घरात मला ठिणगी म्हणायचे. पण या प्रकरणात जिथं तापायला हवं होतं नेमकी तिथंच मी गप्प बसले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

उमरगा तालुक्यातल्या एका पेठेच्या गावी, मुलींच्या सरकारी शाळेत मी ड्रिल शिकवायची. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. मग मी हट्टानं हैदराबादेत सहा महिने ड्रिलचं शिक्षण घेतलं. तिथं बास्केटबॉल पाहिला आणि त्या खेळानं मला झपाटलं. निजाम सरकारची नोकरी लागली, पण आरजी, म्हणजे तात्पुरती. तीन वर्षं झाली तरी आरजीच. कायम झाले नाही तर परंड्याला थोरल्या भावाच्या, हिंमतरावदादाच्या घरी परत जायचं आणि जन्मभर वहिनीच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या, हे ठरलेलं होतं. चव्वेचाळीस साली शाळा तपासणाऱ्या मोहतमीमबाई आल्या आणि म्हणाल्या, "अयोध्याबाई, गुलबर्ग्याच्या सामन्यांत संघ उतरवा. खेळ बरा दिसला तर तुमच्या मुस्तकिलीचा, कायम करण्याचा, कागद मी वर पाठवते."

संघ उतरवा म्हणायला काय जातं. चेंडू तेवढा सोलापुराहून आला, बाकी सगळं मीच उभं केलं. गावच्या लोहारानं मोटेच्या तोंडाचं जुनं कडं दिलं, त्याला सुतळीचं शिंक्यासारखं जाळं मी स्वतः विणलं. शाळेचा शिपाई बलभीम यानं सागाचा वासा रोवला. बाहेरच्या पुरुषांची नजर पडू नये म्हणून मैदानाला चारी बाजूंनी कनात बांधली. पोरी लुगड्याचा काष्टा मारून खेळायच्या. गळ्यातलं लिंग उडी मारताना उसळू नये म्हणून लिंगायतांच्या पोरी वरून फडकं घट्ट आवळायच्या. हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं, मला सुचलं नव्हतं.

त्यांच्यात रुद्रम्मा म्हणजे खरं सोनं. शरणप्पा आडत्याची चौदा वर्षांची मुलगी, उंचीनं बापाच्या कानापर्यंत पोचलेली. दहा फुटांवरच्या कड्यात ती दहातले चार चेंडू टाकायला लागली होती. दोन महिन्यांत चाराचे सात झाले असते.

आणि एका सोमवारी मैदानावर तीनच पोरी. बाकीच्यांच्या आया दारात उभ्या, पुढं रुद्रम्माची आई लक्ष्मम्मा.

"बाई, तुमचा टोपलीचा खेळ बंद करा," ती म्हणाली. "पोरी दिसभर वर हात ताणत्यात, उड्या मारत्यात. त्यानं उंची वाढती."

"उंची अशी वाढत नसते हो," मी म्हणाले.

"वाढती न्हाय कशी? आमची रुद्रव्वा बघा की. वरीसभरात केवढी झाली. हिच्या मापाचा नवरा कल्याणपातुर हुडकला, गावला न्हाय. अजून चार बोटं वाढली तर काय करायचं तुमी सांगा."

मी पुष्कळ समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. हेडबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरी शाळेतून काढल्या तर शाळाच बंद पडेल. शेवटी लक्ष्मम्माच म्हणाली, "टोपली खाली घ्या. हात ताणायचं काम पडू नये. मग खेळू द्या."

इथं मी तापायला हवं होतं. त्याऐवजी बलभीमाला हाक मारली. त्यानं खड्डा दोन फूट खोल केला आणि वासा तेवढा खाली गेला. कडं आलं आठ फुटांवर. नियमांचं पुस्तक माझ्या पेटीत होतं आणि त्यात दहा फूट छापलेलं होतं, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. सामन्यांच्या महिनाभर आधी पुन्हा वर घेऊ, असं मी मनाशी म्हटलं.

तो महिना आला आणि गेला. खरं सांगायचं तर मलाच चटक लागली होती. पोरी दहातले नऊ टाकत होत्या, टाळ्या वाजवत होत्या, हेडबाई पाहुण्यांना बोलावून खेळ दाखवत होत्या आणि कौतुक माझं होत होतं. पुस्तकात दहा फूट छापलंय, हे पोरींना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, खालचीच उंची खरी आहे, आधीची चुकली होती. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

गुलबर्ग्याला मैदानात पाऊल टाकल्याबरोबर रुद्रम्मानं वर पाहिलं. सामना सुरू झाला. पोरी पळाल्या छान, चेंडू दिला-घेतला छान, समोरच्यांना दमवलं. पण कड्याकडे टाकलेला प्रत्येक चेंडू हातभर खालीच वळायचा. पहिल्या अर्ध्या वेळात समोरच्या संघाचे बारा गुण झाले आणि आमचा भोपळा. बघायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मधल्या सुट्टीत रुद्रम्मा माझ्यापाशी आली. घामानं निथळत होती.

"बाई, ह्यांची टोपली लई वर हाय. यांस्नी सांगा की."

मी पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि दुसरीकडे बघितलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी या पोरींना कितीदा हिणवलं होतं. इथं तर अंगण मीच वाकडं करून ठेवलं होतं.

सामना बावीस-दोन असा गेला. ते दोन रुद्रम्माचे, अगदी शेवटी, जीव खाऊन मारलेल्या चेंडूचे. नंतर मोहतमीमबाईंनी मला तंबूत बोलावलं. पोरी तंबूच्या दारातच उभ्या होत्या.

"तुमची मेहनत दिसली," बाई म्हणाल्या. "कसूर तुमचा नाही. त्या भागातल्या मुलींच्या हातात दमच नाही, तसं मी लिहिते. खेळ बंद करा आणि शिवण सुरू करा. ड्रिल आणि शिवण मिळून तुम्हाला कायम करते. कागद आजच पाठवते."

तीन वर्षं जे मागत होते ते समोर आलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची सवय मला आता झालीच होती. पण दारात रुद्रम्मा स्वतःच्या तळहातांकडे बघत उभी होती. हातात दम नाही हे तिनं ऐकलं होतं आणि तिला ते खरं वाटत होतं. ते मला सोसलं नाही.

"बाईसाहेब," मी म्हणाले, "आमच्या शाळेतलं कडं आठ फुटांवर आहे. मीच खाली घेतलं. पोरींना सांगितलं नाही. चूक माझी आहे."

मोहतमीमबाई मग समोरचा कागद उलटा ठेवून म्हणाल्या, "मग मुलींना आणखी एक साल मिळेल. तुम्हालाही. आरजीच."

परतीच्या मोटारीत रुद्रम्मा एवढंच म्हणाली, "आमाला का न्हाय सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बलभीमाला घेऊन वासा उकरायला लागले. हेडबाईंना विचारलंसुद्धा नाही. खड्डा भरून वासा उभा केला, फूटपट्टीनं दोनदा मोजला. तेवढ्यात कनात सरकवून लक्ष्मम्मा आत आली, मागं रुद्रम्मा. आता भांडण, म्हणून मी पहार हातातच ठेवली.

"माझ्या लेकीला सगळ्या बायका हसल्या म्हनं," ती म्हणाली.

"तुम्हीच खाली घ्यायला लावलं होतं, लक्ष्मम्मा."

"व्हय, लावलं. आमी अडाणी बायका, आमी कायबी म्हणू. तुमी शिकलेल्या मास्तरीण. तुमी ऐकलं कशाला?"

चोराच्या उलट्या बोंबा, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माझी नोकरी हिच्यापायी लटकली, आणि वर मलाच जाब. पण बाई बोलली त्यात खोटं काय होतं, ते मला सापडेना.

रुद्रम्मानं माझ्याकडे न बघता चेंडू उचलला, नेम धरला आणि टाकला. वीतभर कमी पडला. पुन्हा टाकला, पुन्हा कमी.

लक्ष्मम्मा कमरेवर हात ठेवून ते बघत होती. तिसऱ्या वेळी तिला राहवलं नाही.

"अगं, हात ताण की जरा," ती म्हणाली.