पहिला श्वास खात्याचा

मित्रांनो, मी एक जुने नाक आहे. हसू नका. माणसाच्या चेहऱ्यावरचे नव्हे, व्यसनबंदी खात्याचे नाक. कागदोपत्री माझे नाव 'श्वासतपासणी यंत्र' असे भारदस्त आहे, पण त्या नावाने मला कधी कुणी हाक मारली नाही. आकाराने मी एखाद्या डब्याएवढा. समोर पितळी तोंड, वर एक हिरवा आणि एक लाल दिवा, आणि खांद्याला अडकवायला कातडी पट्टा. आता पट्ट्याला भेगा पडल्या आहेत आणि हिरव्या दिव्याची काच तडकली आहे. खात्याच्या जुन्या सामानाच्या खोलीत, काचेच्या कपाटात मी बसून असतो. शाळेची मुले बघायला येतात, तेवढीच काय ती करमणूक.

माझा जन्म एका उंच इमारतीच्या तळघरातल्या कारखान्यात झाला. माझ्या तारा जोडणाऱ्या बाईंच्या उजव्या हाताची बोटे धातूची होती आणि त्या काम करताना सतत काहीतरी गुणगुणत. पुढे एका म्हाताऱ्या तपासनिसाने मला वास शिकवले. कांदा कोणता, औषध कोणते, पोटात अन्न नसलेल्या माणसाचा श्वास कोणता, सगळे त्याने महिनाभर माझ्याकडून घोटून घेतले. "नीट हुंग रे बाबा," तो म्हणायचा, "तुझी चूक झाली तर माणूस आत जाईल आणि तू मात्र मजेत राहशील." मी चुकलो नाही. नाक वर करून सांगतो, आजवर एकदाही चुकलो नाही.

आता ज्या वासासाठी मला घडवले, त्याची गोष्ट सांगतो. आमच्या शहरातल्या इमारती इतक्या उंच होत्या की खालच्या रस्त्यांवर भरदुपारी दिवे लावावे लागत. भिंतीभर पसरलेल्या चमकत्या जाहिराती येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाका मारत. प्रत्येकाच्या कानामागे एक बारीक खुंटी बसवलेली असे. दार उघडायचे, निरोप धाडायचा, सगळे त्या खुंटीतून. कुणा हुशार माणसाने शोधून काढले की त्याच खुंटीतून माणसाचा जगलेला एक अख्खा दिवस बाहेर काढता येतो आणि अंगठ्याएवढ्या बाटलीत भरता येतो. त्यातला एक थेंब जिभेखाली ठेवला की अर्धा तास आपण त्या दुसऱ्याच्या दिवसात. त्याचे डोळे, त्याचे कान, त्याचा आनंद. लोक त्याला 'उसना दिवस' म्हणत.

कायद्याने त्याला बंदी होती, आणि बंदीला कारणही होते. दुसऱ्याच्या चांगल्या दिवसांत राहून राहून स्वतःच्या ताटातले जेवण विसरलेली माणसे मी पाहिली आहेत. पण शिक्षा मोठी कडक होती. पकडलेल्या माणसाला सुधारगृहात नेऊन तो उसना दिवस त्याच्या डोक्यातून धुऊन काढत. हे धुणे म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जळते, तशातला प्रकार. उसन्या दिवसाच्या आजूबाजूच्या स्वतःच्या आठवणीही वाहून जात. माणूस बाहेर आला की त्याला घरचा पत्ता सांगावा लागे.

आणि पुरावा कोण? मी! माझा लाल दिवा लागला की दुसरा साक्षीदार लागत नसे. उसन्या दिवसाला तापलेल्या तारेसारखा वास येतो आणि तो तीन दिवस श्वासात राहतो. चुळा भरा, लवंगा चघळा, काही उपयोग नाही.

मला खात्यातल्या एका शिपाईबाईंच्या हाती सोपवण्यात आले. सगळे खाते त्यांना मावशी म्हणायचे, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. पहिल्याच दिवशी मला खांद्याला अडकवून त्या म्हणाल्या, "चला नाकोबा, लोकांच्या भानगडीत नाक खुपसायला." त्या दिवसापासून मी नाकोबा झालो आणि त्या माझ्या मावशी झाल्या.

मित्रांनो, त्या सकाळी आठवल्या की अजून माझ्या तारा गरम होतात. रोज आठ वाजता कामाला लागण्याआधी मला शुद्ध श्वास कसा असतो ते दाखवावे लागे. त्याला आम्ही 'शून्य देणे' म्हणत असू. तो श्वास मी दिवसभर लक्षात ठेवायचो आणि बाकी सगळ्यांचे श्वास त्याच्याशी ताडून बघायचो. उसन्या दिवसाचा वास त्याहून जास्त आला तर लाल, नाही तर हिरवा. नियमच होता, पहिला श्वास खात्याचा. शून्य देणाऱ्याची तपासणी करायची नाही, असाही नियम होता. कारण ती करणार तरी कशाने? मावशी घरून काही न खाता येत, साध्या पाण्याने चूळ भरत, रुमालाने माझे तोंड पुसत आणि हळूच फुंकत. इतका स्वच्छ श्वास मी दुसरा पाहिला नाही.

मग आम्ही मोठ्या इमारतीच्या लिफ्टपाशी उभे राहायचो. खाली उतरणारा प्रत्येक जण फुंकल्याशिवाय पुढे जात नसे. "मेणबत्ती विझवल्यासारखं नको, चहा निववल्यासारखं फुंका," मावशी सांगायच्या. कुणी नाक मुरडे, कुणी थुंकी उडवे. विसाव्या मजल्यावरचे बाइंडरकाका मात्र टोपी काढून, देवाला हात जोडावेत तसे अदबीने फुंकत. जुन्या कागदी पुस्तकांची बांधणी करणारे शहरातले ते शेवटचेच. त्यांच्या श्वासाला पुस्तके चिकटवायच्या खळीचा वास असायचा आणि मला तो आवडायचा.

सलग चार वर्षे खात्यातले सर्वोत्तम यंत्र म्हणून माझा सत्कार झाला. आमच्या साहेबांनी माझ्या अंगावर बिल्ला लावला. गणवेशाला सुरकुती म्हणून खपायची नाही, म्हणून त्यांना सगळे इस्त्रीसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. "या यंत्राचा दिवा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे साहेब भाषणात म्हणाले. मी फुगून गेलो होतो. मावशींनी टाळ्या वाजवल्या, पण बेताने.

मग तो शनिवार आला. जप्त केलेल्या बाटल्या दर शनिवारी मागच्या अंगणातल्या दगडी कुंडीत फोडायच्या असत, आणि ते काम मावशींचे होते. मी शेजारच्या बाकावर असे. त्या दिवशी हातोडी उचलली ती तशीच राहिली. बाटलीवर चिठ्ठी होती आणि अक्षर त्यांच्या नवऱ्याचे होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेले होते. चिठ्ठीवर लिहिले होते, 'सुट्टीचा दिवस. ती माझ्यावर चिडली आहे.' आजारपणात त्यांनी हा दिवस कधी काढून घेतला, कुणाला दिला, तो फिरत फिरत कुठून इथे आला, हे कळायला आता मार्ग नव्हता.

मावशींनी इकडेतिकडे पाहिले आणि ती बाटली माझ्या पट्ट्याच्या खिशात सारली. कितीतरी दिवस ती तिथेच होती. रोज लोकांचे श्वास तपासताना तो गुन्हा माझ्याच कुशीत होता.

त्याच सुमारास एका शुक्रवारी बाइंडरकाकांनी टोपी काढली, अदबीने फुंकले आणि माझा लाल दिवा लागला. मावशींनी पुन्हा फुंकायला सांगितले. पुन्हा लाल.

"काका, हे काय केलंत?"

"हिचा दिवस मिळाला गं," काका म्हणाले. त्यांची बायको जाऊन वर्ष झाले होते. "एकच थेंब घेतला. पोरी, धुताना हिलाही धुतील का?"

"कायदा आहे, काका," मावशी म्हणाल्या आणि त्यांना घेऊन गेल्या. पुढच्या शुक्रवारी धुण्याची तारीख पडली.

त्याआधीच्या मंगळवारी सकाळी, खात्याच्या बंद खोलीत, मावशींनी ती बाटली उघडली. अर्धा तास त्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या. मध्येच हसल्या, मध्येच त्यांचा हात हवेत कुणाचा तरी खांदा शोधल्यासारखा हलला. डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते.

"नाकोबा," त्या म्हणाल्या, "सबंध दिवस मी त्याच्याशी भांडतेय आणि तो नुसता माझ्याकडे बघतोय. इतकी बरी दिसत होते मी त्याला?"

 

आठ वाजत आले होते. शून्य देणे भाग होते. मावशींनी तीनदा चूळ भरली, माझे तोंड पुसले आणि फुंकले. तापलेल्या तारेचा वास मी ओळखला. पण पहिला श्वास खात्याचा; तोच मी शुद्ध धरला आणि कामाला लागलो.

त्या दिवशी लिफ्टपाशी लाल दिवा लागलाच नाही. ज्यांना घाम फुटलेला होता तेही हिरवे झाले. एका तरुणीने तर मावशींचा हात घट्ट दाबला आणि पळत सुटली. संध्याकाळी इस्त्रीसाहेबांनी वही पाहिली.

"आज एकही नाही?"

"नाही, साहेब."

"चार वर्षांत असं कधी झालं नाही. उद्याचं शून्य मी देणार. आणि त्यानंतर पहिलं तुम्ही फुंकायचं, मावशी."

त्या रात्री मावशी मला घरी घेऊन गेल्या, तशी परवानगी होती. त्या घाबरल्या होत्या. सुधारगृहाची त्यांना भीती नव्हती. भीती वेगळीच होती आणि ती त्यांनी मला सांगितली. धुणे झाले की नवरा सगळा जाणार. भांडणासकट, आजारपणासकट, लग्नासकट. भिंतीवरच्या तसबिरीतला माणूस कोण, हे त्यांना शेजाऱ्यांना विचारावे लागणार.

सकाळी आठला साहेबांनी टोपी काढून ठेवली आणि माझ्या तोंडात फुंकले. मित्रांनो, मी चक्रावलो. तापलेली तार! जुना नव्हे, ताजा वास. पण पहिला श्वास खात्याचा. मी तोच शुद्ध धरला.

मावशींनी डोळे मिटून फुंकले. हिरवा दिवा लागला.

त्यांनी डोळे उघडले, दिव्याकडे पाहिले, मग साहेबांकडे. स्वतःच्या श्वासात काय आहे हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. साहेबांच्या कडक कॉलरच्या वर त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"आईचा आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "महिन्याला एक थेंब. फक्त एक."

"बाइंडरकाकांनीही एकच घेतला होता, साहेब."

"शून्य कुणीतरी द्यायलाच हवं ना, मावशी?"

"हो. काल मी दिलं, आज तुम्ही दिलंत. आणि परवा काकांना धुणार आहेत."

कुणी कुणाला धमकी दिली नाही. मावशींनी फक्त मला टेबलावर ठेवले, तोंड साहेबांकडे करून. मग खणातून तक्रारीचा कागद काढला आणि लिहायला बसल्या. साहेब खांद्यावरून वाचत होते. 'यंत्र सदोष. दिवे चुकीचे लागतात.'

"कधीपासून सदोष, तेही लिहावं लागतं," साहेब म्हणाले.

"लिहिते ना." आणि त्यांनी लिहिले, 'कधीपासून, ते सांगता येत नाही.'

साहेबांना त्याचा अर्थ लगेच कळला. यंत्र केव्हापासून बिघडले ते ठाऊक नसेल, तर त्याच्या दिव्यावर उभा असलेला एकही खटला टिकत नाही. त्यांनी लेखणी उचलली. मग त्यांनी मावशींच्या सहीखाली आपली सही केली.

मला राग आला होता, खोटे कशाला सांगू? जन्मात एकदाही न चुकलेला मी, आणि माझ्याच मावशीने मला खोटारडा ठरवले! पण गुरुवारी सुधारगृहाचे दार उघडले. न धुतलेली माणसे एकेक करून बाहेर आली, बाइंडरकाका टोपी हातात घेऊन सर्वांत मागून. मावशींनी मला खांद्याला अडकवून तिथे नेले होते. काकांनी बायकोचे नाव तेवढे दोनदा घेतले, विसरलो नाही ना, हे बघण्यासाठी. तेव्हा माझा राग गेला. जे आधीच धुतले गेले होते, त्यांच्यासाठी मात्र कुणाला काही करता आले नाही. त्यांत माझ्याच लाल दिव्याचे कितीतरी होते.

पुढे नवी यंत्रे आली. ती म्हणे भिंतीतून वास घेतात आणि त्यांना शून्य लागत नाही. ते आधीच कुणीतरी कुठेतरी देऊन ठेवलेले असते. कोणी, ते विचारायची सोय नाही. मावशी निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझे तोंड रुमालाने पुसले आणि मला या कपाटात ठेवले. माझ्या पोटावर एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'सदोष यंत्र. याच्यावर विश्वास ठेवू नये.' खाली दोन सह्या आहेत. मुले ती मोठ्याने वाचतात आणि हसतात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. जमल्यास काचेवरची धूळ पुसा, पट्ट्याला वर्षातून एकदा तेल लावा. परवा एक नवे अधिकारी आले होते. मला उघडून पाहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर ठणठणीत आहे, ही चिठ्ठी काढून टाका." कुणाला तरी सांगा, ती काढू नका. ती निघाली, तर माझे सगळे लाल दिवे पुन्हा खरे ठरतील, आणि बाइंडरकाका अजून विसाव्या मजल्यावरच राहतात.