बरोबर कोण होतं?

एग्मोरच्या सरकारी संग्रहालयाच्या दारातून तनया आत शिरली आणि तपासणीची कमान वाजली. काल किल्ल्यातही हेच झालं होतं. घड्याळ, किल्ल्या, बांगड्या सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं तरी पुन्हा वाजली, तशी पोलीस बाईंनी तिला पडद्याआड बोलावलं.

तिच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, दोघींच्या पर्सेस छातीशी धरून बाहेर उभ्या राहिल्या. मिरजेहून त्या पहिल्यांदाच चेन्नईला आल्या होत्या. मुलगा पुष्कर इथे चेन्नईजवळ ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात होता. दर सुट्टीला घरी आला की म्हणायचा, आई, तुला समुद्र दाखवतो, म्युझियम दाखवतो. ते राहूनच गेलं. आता तो जाऊन वर्ष होत आलं, म्हणून सुनेनं रजा काढून त्यांना शहर दाखवायला आणलं होतं. दोघी एकमेकींशी फार जपून बोलत. तो गेला त्या दिवशी स्कूटर तनया चालवत होती, हे घरात कुणी तोंडावर आणत नसे.

पोलीस बाईंनी हातातलं यंत्र तनयाच्या अंगावरून फिरवलं. उजव्या मांडीपाशी ते वाजलं. तनयानं सवयीनं तमिळमध्ये सांगितलं, रॉड आहे, अपघात झाला होता. बाई मायाळू होत्या. हळहळून त्यांनी आणखी काही विचारलं. तनया जरा थांबली, मग मान हलवून नाही म्हणाली.

ती बाहेर आल्यावर अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, शेवटी काय म्हणाल्या त्या?

खोटं सांगता आलं असतं. पण तनया म्हणाली, "बरोबर कोण होतं, असं विचारलं. मी म्हटलं, कुणी नव्हतं."

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा उतरला. त्या वळल्या, पडदा सारून आत गेल्या आणि पोलीस बाईंचा हात धरून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मेरा लडका था. साथ में मेरा लडका था."

बाईंना शब्द कळले की नाही कोण जाणे. त्यांनी स्वतःचं स्टूल पुढे केलं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मागची रांग तशीच थांबून राहिली.

तनयानं त्यांना आवारातल्या झाडाखाली नेऊन बसवलं. सांगितलं, सगळीकडे विचारतात. तो गेला म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, गाडी कोण चालवत होतं. बराच वेळ अन्नपूर्णाबाई पदर चाचपत राहिल्या. मग वर्षभरात जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"काही बोलला का गं तो?"

"हिचा पाय हलवू नका, म्हणून लोकांवर ओरडत होता. स्वतःला काही लागलंय, हे त्याला कळलंच नव्हतं, आई."

अन्नपूर्णाबाई रडल्या. तुझी चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तरी तनयाला ते खरं वाटलं नसतं.

मूर्ती पाहायला दोघी आत गेल्याच नाहीत. तिथेच बसून राहिल्या, आणि अन्नपूर्णाबाई पुष्करच्या लहानपणचं काहीबाही सांगायला लागून मध्येच थांबत राहिल्या.